साडेपाचनंतरचे भाऊसाहेब

शेवाळवाडीच्या ग्रामसेवकाने अकरा वर्षांत एकही भाकरी गरम खाल्ली नव्हती. भाकरी मोडावी, कालवणात बुडवावी, घास तोंडाशी न्यावा, की बाहेरून हाक आलीच, "भाऊसाहेब हायेत का?" ग्रामसेवकाला आपल्याकडे भाऊसाहेब म्हणतात. या भाऊसाहेबांचं खरं नाव संतराम खिल्लारे होतं, पण ते नाव पगारपत्रकाच्या बाहेर कुठे वापरात नव्हतं. चार लोकांत कुणी "संतराम" अशी हाक मारली असती, तर ती कुणाला मारली म्हणून त्यानेच मागे वळून पाहिलं असतं.

लोक कधी येत, याला धरबंध नव्हता. कुणी जेवताना येई, कुणी आंघोळीच्या वेळी येऊन मोरीबाहेर उभ्याउभ्या जन्माची तारीख सांगे. एकदा तर भल्या पहाटे संतराम टमरेल घेऊन ओढ्याकडे निघालेला असताना सोनाजीने त्याला वाटेत गाठून सातबारा कुठे मिळतो ते विचारलं होतं. सातबारा तलाठ्याकडे मिळतो. हे सोनाजीलाही माहीत होतं. पण तलाठी राहत होता तालुक्याला, आणि भाऊसाहेब समोर होते, टमरेलासकट. दुष्काळाच्या साली संतरामने हे सगळं सोसलं. माणसं उपाशी असताना घड्याळ बघणं त्याला जमलं नसतं. पण आता चौऱ्याहत्तर साल उजाडलं होतं, विहिरींना पाणी होतं, आणि तरीही भाकरी गारच होती.

एके दिवशी तालुक्याच्या मीटिंगहून परतताना त्याने एक बँक पाहिली. दोन वाजले, आतून कुणीतरी दार ओढून घेतलं, दारावर वेळेची पाटी होती, आणि बाहेर उभे असलेले आठदहा शेतकरी मुकाट्याने घरी निघाले. खिडकीच्या गजांतून आतला कारकून दिसत होता. तो बशीत चहा ओतून पीत होता आणि त्याला कुणीही हाक मारत नव्हतं. संतराम त्या खिडकीसमोर इतका वेळ उभा राहिला की पहारेकऱ्याने त्याला हटकलं.

त्याच संध्याकाळी तो वारंगा फाट्यावर उतरला आणि ट्रका रंगवणाऱ्या पेंटरला पत्र्याचा एक तुकडा दिला. मजकूर त्याने सरकारी भाषेत लिहून आणला होता: "ग्रामसेवक सकाळी १० ते सायंकाळी ५॥ या वेळेत कार्यालयात भेटतील. त्यानंतर कामानिमित्त निवासस्थानी भेटणार नाहीत." पेंटरने पत्र्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "भाऊसाब, इतना बडा भाषण इस टीन पे नहीं बैठता. मैं बराबर करके देता." त्याने बराबर केलं. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत वर "ग्रामसेवक", मधे बारीक "१० ते ५॥", आणि खाली हातभर अक्षरांत "नंतर नाहीत". जागा उरली म्हणून दोन बाजूंना दोन फुलं आणि माथ्यावर एक पेटती पणती. संतरामला पणती जरा जास्त वाटली, पण कलाकाराच्या कामात ढवळाढवळ करणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

पाटी घराच्या दारावर लागली. बायकोला, आशाबाईला, त्याने तालीम दिली. "कोणी बी येऊ दे, म्हणायचं, न्हाईत."

"पण तुमी तर असता की घरात."

"मी असतो. भाऊसाहेब नसतात."

आशाबाई जन्मात खोटं बोललेली नव्हती. चूल कापसाच्या ओल्या पऱ्हाटीवर धुमसत होती, तिचे डोळे लाल झाले होते, आणि त्यात सरपंच किशनराव दारात येऊन उभे राहिले. संतराम आतल्या खोलीत गरम भाकरीसमोर बसला होता. त्याला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"भाऊसाहेब हायेत का?"

आशाबाईने पदर तोंडाला लावला. "न्हाईत."

किशनराव जरा थांबले. त्यांनी पाटी वाचली असावी. मग आवाज खाली आणून विचारलं, "कवा गेले?"

"साडेपाचला."

"काही तकलीफ व्हती का?"

"तकलीफ तर व्हतीच. अकरा सालापासून."

"जातानी काही बोलले?"

"म्हणले, आता मला कोणी हाक मारू नका."

संतरामने फटीतून पाहिलं, तर किशनरावांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला होता. त्यांनी उंबऱ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि पायताण हातात धरून ते अनवाणी परत गेले. संतरामला भरून आलं. नियमाचा एवढा मान त्याच्या कारकिर्दीत कुणी राखला नव्हता. त्याने दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्याने आणखी एक युक्ती केली. दहाच्या आधी वाटेत कुणी गाठू नये म्हणून तो मागच्या दाराने निघून ओढ्याच्या काठाने कार्यालयात जाऊ लागला, आणि साडेपाचला त्याच वाटेने घरी येऊ लागला. त्यामुळे गावाला तो दिसे तो फक्त खुर्चीत. पहिल्या सकाळी शिपाई जळबा ओसरी झाडत होता. मान वर करून पाहतो तर भाऊसाहेब खुर्चीत बसलेले. जळबाच्या हातून केरसुणी गळून पडली. त्याने ती उचलली नाही, मागच्या मागे सरकत तो पायऱ्या उतरला आणि तासाभराने आला तेव्हा त्याच्या दंडाला काळा दोरा होता. संतरामने विचारलं, "काय झालं रे?" जळबा म्हणाला, "काही न्हाई. तुमी तुमचं करा."

आणि काय सांगावं, काम असं सुरळीत कधी चाललं नव्हतं. लोक दहा ते साडेपाचमधेच येत. आवाज चढवत नसत. अर्ज टेबलावर ठेवत तेही हात लांब करून, आणि कुणीकुणी अर्जावर वजन म्हणून लिंबू ठेवी. दाखला मिळाला की पाठ न वळवता उलटे चालत दारापर्यंत जात. मात्र येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्या पायांकडे पाही. संतरामला वाटलं, आपली चप्पल फाटली आहे, तिची लाज वाटली. त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि ते दिवसभर तिथेच ठेवले. त्या दिवशी गावात काय बोललं गेलं असेल ते गावच जाणे.

साडेपाच झाले की जळबा कार्यालयाच्या पायरीवर एक पणती लावून जाई. कशाची पणती, हे संतरामने विचारलं नाही. गावाने पाटीवरून चित्र उचललं असावं, असं त्याला वाटलं.

घरीही भलतंच सुख सुरू झालं होतं. शेजारची गोजरबाई पिठलं-भाकरी झाकून घेऊन आली. "घ्या बाई, दोन घास खाऊन घ्या," एवढंच म्हणाली आणि आशाबाईला पोटाशी धरून निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरून आलं, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. संतराम आडोशाला बसून ते सगळं मिटक्या मारत खात होता. "बघ," तो बायकोला म्हणाला, "गावाला कळलं, मी किती राबतो ते." मरणाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजार जे अन्न नेऊन देतो, त्याला कडू घास म्हणतात. आपल्याच नावाचा कडू घास एवढ्या चवीने खाणारा माणूस त्या पंचक्रोशीत दुसरा झाला नसेल.

आशाबाईला पाणवठ्यावर बायका पाठीवरून हात फिरवत. तिला वाटे, नवरा रोज संध्याकाळी घरी बसतो म्हणून कीव करतात.

पण आठवड्याभराने संतरामला ती शांतता खटकू लागली. संध्याकाळी तो दाराआड बसे आणि बाहेर गल्लीतून जाणारी पावलं ऐके. पावलं घराजवळ आली की हळू होत, मग एकदम भरभर जात. पोरं खेळताना त्याच्या दारापाशी गप्प होत. आपल्याला कुणी हाक मारू नये हीच त्याची इच्छा होती, आणि कुणी मारत नव्हतं. तरी तो एकदा आरशासमोर गेला आणि त्याने उगाच खाकरून पाहिलं. आरशातलाही खाकरला, पण जरा उशिरा, असं त्याला वाटलं. त्याने दिव्याची वात मोठी केली.

शेवटी त्याने जळबाला खोपच्यात घेतलं. "काहून रे माझ्या पायाकडं पाहून राहिले सगळे?"

जळबाने दोन पावलं मागे जाऊन हात जोडले. "भाऊसाहेब, रागाला येऊ नका. पण तुमी गेलात."

"कुठं गेलो?"

"तसे न्हाई. वारलात. बुधवारी साडेपाचला. वहिनींनी सोताच्या तोंडानं सांगितलं किशनरावाला. दारावर पाटी लागली, दिव्याची."

संतरामने टेबलावर मूठ आपटली. "मग इथं कोण बसून राहिलं?"

"तुमीच," जळबा समजुतीने म्हणाला. "चार्ज कुठं दिलात तुमी?"

मग सगळं बाहेर आलं. पारावर बैठक झाली होती. गावात भिवाजी जमादार म्हणून एक म्हातारे होते, निजामाच्या अमलात कचेरीत शिपाई होते, आणि कुठल्याही गोष्टीला त्यांच्याकडे निजामाच्या अमलातला दाखला असे. त्यांनी सांगितलं होतं की त्यांच्या डोळ्यांदेखत एक नायब तहसीलदार तापाने गेले, रीतसर माती झाली, आणि दुसऱ्या दिवशी दहाला कचेरीत हजर. आठ महिने कामावर येत होते. सही बराबर, हिशेब बराबर. हैदराबादहून दुसरा अधिकारी येऊन चार्ज लिस्टवर सही झाली, तेव्हा कुठे ते सुटले. "सरकारी नोकराला चार्ज दिल्याबिगर वर जाता येत न्हाई," भिवाजी म्हणाले होते. "जीव साडेपाचला जातो, नोकरी ऱ्हाते." गावाला ते पटलं. पाटीवरही तेच लिहिलेलं होतं.

संतराम त्याच संध्याकाळी सहाला किशनरावांच्या वाड्यावर गेला. तो गल्लीत दिसताच दारं लागत गेली. किशनराव खिडकीच्या फळीआडून बोलले. त्यांचा आवाज कापत होता, पण रीत सुटली नव्हती. "भाऊसाहेब, टायम संपला तुमचा. उद्या दहाला या."

"अवो सरपंच, मी जिता हाय!"

"व्हय, व्हय. उद्या दहाला."

आपलाच नियम आपल्याच कानाखाली बसला की कसा आवाज येतो, ते त्याला त्या दिवशी कळलं.

मग त्याने कागदाचा मार्ग धरला. सरकारी माणूस दुसरं काय करणार? अकरा वर्षांत त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांना शेकडो हयातीचे दाखले दिले होते: सदर इसम माझ्या समक्ष हजर असून आज रोजी हयात आहे. आता तसा एक स्वतःसाठी हवा होता, आणि स्वतःचा दाखला स्वतः देता येत नाही. तो तालुक्याला गेला. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "हयातीचा दाखला गावपातळीवरून मिळतो," ते म्हणाले. "तुमच्या ग्रामसेवकाचा आणा."

"साहेब, ग्रामसेवक मीच."

"मग अडचण काय?"

तासभर अडचण समजावून सांगितल्यावर साहेबांनी वैतागून चार ओळी खरडून दिल्या: अर्जदार आज सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी या कार्यालयात समक्ष हजर व हयात होते. संतरामने तो कागद पारावर वाचून दाखवला, दुपारी, कामाच्या वेळेत. भिवाजी जमादारांनी लक्ष देऊन ऐकला. "अकरा चाळीसला व्हते ना? ते तर आमी बी म्हणून राहिलो. साडेपाचनंतरचं काही लिहिलं का साहेबांनी?" साहेबांनी साडेपाचनंतरचं काही लिहिलं नव्हतं. साहेबच मुळी साडेपाचला घरी जात होते.

महिन्याची ग्रामपंचायतीची सभा आली. विषय क्रमांक एक, ग्रामसेवकांच्या दुःखद निधनाबद्दल दुखवट्याचा ठराव. सभेचं इतिवृत्त लिहायचं काम ग्रामसेवकाचं, तोच सभेचा सचिव. संतराम मान खाली घालून लिहीत होता: "मनमिळाऊ, कष्टाळू... गावाची कधीही भरून न निघणारी..." सगळे दोन मिनिटं उभे राहिले. तोही राहिला, सचिवाने बसून राहणं बरं दिसत नाही. विरोध नोंदवावा असं त्याच्या मनात आलं होतं, पण सचिवाला मत नसतं. खरं सांगायचं तर "कष्टाळू" लिहिताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे जिवंतपणी कुणी म्हणालं नव्हतं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. मग किशनरावांनी हळूच विचारलं, मृत्यूच्या रजिस्टरला नोंद कधी करता, तुमच्याच हातची पाहिजे. संतरामने रजिस्टर उघडलं, टाक बुडवला, मरणाच्या कारणाच्या रकान्यावर टाक थांबला, आणि त्याला थंडी वाजली. भर एप्रिलात. आपण खरंच लिहायला निघालो होतो, हे त्याला लिहिण्याच्या घडीभर आधी कळलं. त्याने रजिस्टर मिटलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

इथवर सगळं त्याच्या एकट्याचं होतं. माणूस स्वतःची अब्रू गेलेली सोसतो. पण गोजरबाईच्या लेकीचं लग्न निघालं, आणि प्रकरण आशाबाईवर आलं.

हळदीला पाच सवाष्णी लागतात. गोजरबाईचा जीव आशाबाईवर. शेजारधर्म अकरा वर्षांचा, त्या लेकीला पहिलं लुगडंही आशाबाईनेच नेसवलेलं. पण जिचा नवरा गेला आहे तिला हळद लावायला कशी सांगायची? आणि जिचा नवरा रोज दहाला कार्यालयात येतो तिला नाही कशी म्हणायची? गोजरबाईने चार रात्री विचार करून मार्ग काढला. ती आशाबाईकडे येऊन म्हणाली, "बाई, हळद दुपारी चारला ठेवली. तुमच्या टायमात. साडेपाचच्या आत तुमी सवाष्ण हायेत, कोणी बोट दाखवू शकत न्हाई."

आशाबाईला ते तेव्हा कळलं. नवऱ्याने तिला काही सांगितलेलं नव्हतं. गोजरबाई गेल्यावर तिने कुंकवाची डबी उघडून बराच वेळ पाहिली. संतराम घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "मला तुमी कवापासून टायमापुरती सवाष्ण केली?" आणि जेवायला वाढलं. भाकरी गरम होती. ती ताटातच गार झाली.

हळदीचा दिवस आला. चारची हळद वेळेवर लागली, असं जगात कुठे झालेलं नाही. वाजंत्री फाट्यावरून यायचे होते, त्यांची गाडी चुकली. मग पाट सापडेना. मग नवरीच्या मामाची वाट पाहणं आलं. वाजंत्री वाजले तेव्हा सूर्य बाभळींच्या मागे गेला होता. संतराम कार्यालय बंद करून, ओढ्याकाठी जरा रेंगाळून, त्याच वाटेने येत होता. मांडव वाटेवरच होता, कुडाच्या फटींतून कंदिलाचा उजेड बाहेर येत होता. तो थांबला.

पाच सवाष्णी पाटाभोवती उभ्या होत्या. हळदीची वाटी आशाबाईच्या हातात होती. तिने बोटं हळदीत बुडवली, आणि गोजरबाईने तिचं मनगट धरलं. गोजरबाई रडत होती. "बाई गं," ती म्हणाली, "सहा वाजून गेले."

सगळ्या मांडवात कुणी हललं नाही. आशाबाईची पिवळी बोटं तशीच हवेत होती.

संतराम कुडाला वळसा घालून आत गेला. वाजंत्र्यांची सनई मध्येच तुटली. बायकांनी लेकरं पोटाशी घेतली, माणसं मागे सरली, आणि त्याच्याभोवती रिकामं रिंगण झालं. कंदिलाच्या उजेडात त्याची सावली मांडवभर पडली होती, आणि ती पाहून लोक आणखी मागे सरले.

"मी जिता हाय," तो म्हणाला. आवाज त्यालाच परका वाटला.

"असंच म्हणतात सगळे," भिवाजी जमादार म्हणाले.

"कागद आणा! आत्ता, या घडीला, तुमच्यासमोर सही करून देतो. दाखला पाहिजे कोणाला? या!"

"सही तर नायबसाहेब बी करत व्हते. आठ महिने."

किशनरावांनी पटका काढला. "भाऊसाहेब, टायम संपला तुमचा. लेकीबाळीचं कार्य हाय. जा तुमी."

संतरामने सगळ्यांकडे पाहिलं. अकरा वर्षं यांच्यासाठी तो जेवणावरून उठला होता. त्या क्षणी तुम्ही त्याला विचारलं असतंत, तू जिवंत आहेस का, तर त्याने खात्रीने हो म्हटलं नसतं. तो वळला.

"थांबा," आशाबाई म्हणाली.

ती रिंगणात आली. पाटासमोर नव्हे, नवऱ्यासमोर उभी राहिली. पदर नीट केला, मान ताठ केली, आणि भर मांडवात, कुणी आग्रह केलेला नसताना, नाव घेतलं:

"भाऊसाहेबांच्या नावानं किती बी करा अर्ज,
संतरामरावांचा मात्र माझ्याकडंच हाय चार्ज!"

आणि वाटीतली सगळी हळद तिने त्याच्या तोंडाला फासली.

नाकात हळद गेली. संतराम शिंकला. एकदा, दोनदा, मग लागोपाठ सात वेळा, चष्मा उडून पाटावर पडेपर्यंत. आधी नवरीच हसली. मग वाजंत्री हसले. गोजरबाई रडतारडता हसायला लागली. भिवाजी जमादार काठी टेकत पुढे आले, कंदील उचलून त्यांनी त्याचं पिवळं तोंड जवळून पाहिलं, आणि निकाल दिला, "हळद सोसली. माणूस हाय." मग वळून किशनरावांना विचारलं, "पण ह्यो संतराम कोण म्हणायचा?"

"माझा मालक," आशाबाई म्हणाली आणि नवी हळद घेऊन पाटाकडे गेली. नवरीला पहिलं बोट तिनेच लावलं. त्या वेळी सव्वासहा वाजले होते आणि कुणीही घड्याळाचं नाव काढलं नाही.

संतराम त्या रात्री पंगतीत पाऊण तास जेवला. किशनराव त्याच्या मांडीला मांडी लावून बसले, त्यांनी त्याला आग्रह करकरून वाढलं, तंबाखूची चंची पुढे केली, पिकापाण्याच्या गोष्टी काढल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी त्याच्या दारात कुणी ना कुणी येऊ लागलं. "संतराम हाय का?" म्हणून हाक मारत आणि ओट्यावर टेकत. दाखल्याचं, अर्जाचं, पंचायतीचं कुणी चुकूनही बोलत नसे. पाटी तशीच राहू दिली होती, ती कुणाला खटकत नव्हती. संतराम इतका खुश होता की त्याने पहिला आठवडाभर दिवसाकडे नीट लक्षच दिलं नाही.

दिवसा काहीच बदललं नव्हतं. लोक अर्ज हात लांब करूनच ठेवत होते. वर लिंबू होतं. उलटं चालणं होतं. साडेपाचला पायरीवर पणती लागत होती. एके दुपारी किशनराव सहीला आले, आणि त्यांनी आधी खुर्चीखाली पायांकडे पाहिलं, तेव्हा संतरामचा धीर सुटला. "अवो सरपंच! काल संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून माझी तंबाखू खाल्ली तुमी!"

किशनरावांनी नजर वर केली नाही. "ते संतरामकडं," ते हळू आवाजात म्हणाले. "लई चांगला माणूस हाय. आमचं येणंजाणं हाय त्याच्याकडं. तुमी तुमचं चालू द्या, भाऊसाहेब. कोणाला तरी पाठवतीलच चार्ज घ्यायला." आणि ते पाठ न वळवता निघून गेले.

संतराम बराच वेळ त्या खुर्चीत बसून राहिला. मग साडेपाच झाले. त्याने दप्तर आवरलं, खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं आणि ओढून पाहिलं. जळबा पणती लावून निघून गेला होता. संतराम दुसरी पायरी उतरला, आणि आतून आवाज आला. ठप्प. मग जरा वेळाने पुन्हा, ठप्प. शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर शिक्का मारावा, तसा, सावकाश, एकामागून एक.

तो उभा राहिला. किल्ली त्याच्या मुठीत होती. दार दोन पावलांवर होतं. अकरा वर्षांच्या सवयीने त्याचा पाय उचललाही गेला.

मग त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पाच वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. आत जे कोण होतं, त्याचं काम आत होतं. संतराम पायऱ्या उतरला आणि ओढ्याची वाट सोडून भर गल्लीतून, लोकांना रामराम, जयभीम करत, घरी गेला.